मातीची धरणे : हेतू व सुरक्षितता

माती, मुरूम, वाळू व दगड यांचे थर एकावर एक दाबून, नदीच्या किंवा ओढ्याच्या पात्रात आडवा घातलेला व पाणी अडविणारा बांध म्हणजे मातीचे धरण होय. धरणांचा हा सर्वांत जुना प्रकार असून जगातील बहुसंख्य धरणे आजही याच प्रकारची आहेत. महाराष्ट्रात गावतळ्याच्या पाळीपासून पाझर तलावापर्यंत व लघुपाटबंधारे तलावापासून पानशेत, पवना, जायकवाडी यांसारख्या मोठ्या प्रकल्पांपर्यंत मातीचे बांधकाम सर्वत्र आढळते. स्थानिक सामग्री, तुलनेने कमी खर्च आणि कठीण खडक नसलेल्या पायावरही उभे राहण्याची क्षमता ही या प्रसाराची मुख्य कारणे होत.

मातीच्या धरणाची सुरक्षितता ही केवळ बांधकामाच्या वेळची बाब नाही. दगडी भिंत बरीच वर्षे दुर्लक्ष सोसू शकते. मातीचा बांध तसे सोसू शकत नाही. त्यावर दरवर्षी कोणी तरी चालत जाऊन पाहावे लागते, झुडपे काढावी लागतात, बिळे बुजवावी लागतात आणि पायथ्याशी झिरपणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे तपासावे लागते. हे काम कोण करणार, हा प्रश्न त्या धरणाचा उपयोग कोणाला होतो या प्रश्नाशी निगडित असतो. धरणाचा मूळ हेतू टिकून राहिला, तर त्याची देखभाल करणारे हातही टिकतात. हेतू बदलला किंवा लोपला आणि देखभालीची नवी व्यवस्था उभी राहिली नाही, तर बांध उभा असूनही धोका वाढत जातो. लहान व जुन्या मातीच्या धरणांच्या इतिहासातून हे सूत्र पुनःपुन्हा स्पष्ट होते.

मावळातील धरणे : पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात धरणांच्या बदलत्या हेतूंचा दीड शतकाचा इतिहास थोड्या क्षेत्रात एकवटलेला दिसतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील अतिवृष्टी आणि पूर्वेकडे उतरत जाणारी इंद्रायणी, पवना यांची खोरी यांमुळे हा प्रदेश पाणी साठविण्यास अनुकूल ठरला. बोरघाटातून १८६३ मध्ये आगगाडी सुरू झाल्यानंतर लोणावळा येथे वाफेच्या एंजिनांना पाणी पुरविण्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने त्याच दशकात इंद्रायणीवर भुशी येथे लहानसे दगडी धरण बांधले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाटा कंपनीने वळवण, शिरवता इ. जलाशय निर्माण केले. त्यांतील पाणी घाटाखाली सोडून १९१५ मध्ये खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू झाली. वाफेची एंजिने इतिहासजमा झाल्यावर भुशी धरणाचे मूळ प्रयोजन संपले व पावसाळ्यातील सहलीचे ठिकाण म्हणून ते प्रसिद्धीस आले.

भुशी येथे माथ्यावरून पायऱ्यांवर कोसळणाऱ्या पाण्यात हजारो लोक बसलेले दिसतात. हे दृश्य इतके परिचित झाले आहे, की धरणावरून पाणी वाहणे ही आनंदाचीच घटना असते असा समज त्यातून होऊ शकतो. दगडी धरणाच्या बाबतीत, तशी योजना असल्यास, माथ्यावरून पाणी वाहणे धोक्याचे नसते. मातीच्या बांधाच्या बाबतीत मात्र तीच घटना बहुधा त्याचा शेवट ठरते.

मावळातील सर्वांत मोठे मातीचे बांधकाम पवना धरणाचे आहे. तुंग, तिकोना, लोहगड व विसापूर या किल्ल्यांच्या परिसरात पवना नदीवर हे धरण १९७२ च्या सुमारास पूर्ण झाले. पूर्वी काले कॉलनी म्हणून ओळखली जाणारी, कामशेतच्या दक्षिणेस असलेली वस्ती पुढे पवनानगर या नावाने विकसित झाली. धरणाची लांबी सु. १,३२९ मी. व पायापासूनची उंची सु. ४२ मी. असून उपयुक्त साठा सु. ८·५ अब्ज घ. फुट आहे. मातीचा मुख्य बांध व दरवाजे असलेला पक्का सांडवा अशी त्याची संमिश्र रचना आहे. आकाराने हे धरण लहान नव्हे. तथापि मातीच्या धरणाचा हेतू बदलला म्हणजे काय होते, हे त्याच्या इतिहासात चांगले दिसते. त्याकडे वळण्यापूर्वी मातीच्या धरणाची रचना व त्याच्या नाशाची कारणे पाहणे आवश्यक आहे.

रचना : मातीच्या आधुनिक धरणाचा आडवा छेद घेतल्यास त्याचे तीन मुख्य भाग दिसतात. मध्यभागी चिकणमातीचा किंवा काळ्या मातीचा अपार्य गाभा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंस मुरमाड, अधिक भरड व स्थिर सामग्रीचे कवच असते. गाभ्याखाली पायातून होणारा पाझर रोखण्यासाठी खडकापर्यंत खंदक खणून तो चिकणमातीने भरलेला असतो. पाण्याकडील उतारावर लाटांच्या माऱ्यापासून संरक्षणासाठी दगडांचे अस्तर बसवितात. विरुद्ध बाजूच्या उतारावर गवत राखतात व पायथ्याशी दगडांची टाच आणि वाळूची गाळणी ठेवतात. जादा पाणी सोडण्यासाठी सांडवा आणि कालव्यात किंवा नदीत पाणी सोडण्यासाठी विमोचक असतो. पूर्ण भरलेल्या पाण्याची पातळी आणि बांधाचा माथा यांत पुरेसे अंतर राखणे ही या सर्व रचनेची अट असते.

कोणताही मातीचा बांध पूर्णपणे कोरडा नसतो. जलाशयातील पाणी बांधाच्या अंगातून सावकाश झिरपत असते आणि गाळणीतून स्वच्छ स्वरूपात बाहेर पडते. म्हणून पाझर दिसणे एवढ्यावरून धरण असुरक्षित ठरत नाही. पाझराचे प्रमाण एकाएकी वाढणे, तो नव्या जागी दिसणे किंवा पाणी गढूळ होणे ही धोक्याची लक्षणे होत. गढूळ पाणी म्हणजे बांधाच्या अंगातील माती वाहून जात असल्याची खूण होय.

नाशाची कारणे : मातीची धरणे मुख्यतः तीन प्रकारे नाश पावतात. पहिला प्रकार माथ्यावरून पाणी वाहण्याचा होय. सांडवा अपुरा पडला, त्यात अडथळा आला किंवा माथा खचला, तर पाणी बांधावरून वाहू लागते, विरुद्ध उतारावरील माती धुऊन नेते व थोड्या तासांत खिंडार पाडते. दुसरा प्रकार अंतर्गत धुपेचा होय. झाडांची मुळे कुजून राहिलेली पोकळी, उंदीर, घुशी व खेकडे यांची बिळे, विमोचकाच्या बांधकामालगत नीट न दाबलेली माती अशा ठिकाणांहून पाणी वाट काढते; मातीचे कण वाहून जाऊन आत नळीसारखे भोक पडते आणि ते पाण्याकडील बाजूपर्यंत पोहोचले की बांध फुटतो. तिसरा प्रकार उतार घसरण्याचा असून तो बांध अतिशय भिजल्याने, जलाशय फार वेगाने रिकामा केल्याने किंवा भूकंपामुळे घडतो.

मातीच्या बांधाच्या आयुष्यात दोन काळ विशेष धोक्याचे असतात. पहिला काळ प्रथम भरण्याचा, कारण त्या वेळी सर्व उणिवा एकदम उघड होतात. इंग्लंडमधील शेफील्डजवळचे डेल डाइक धरण ११ मार्च १८६४ रोजी प्रथम भरत असतानाच फुटले व सु. २४० लोक मृत्युमुखी पडले. दुसरा काळ वार्धक्याचा. या काळात उणिवा हळूहळू साठत जातात व एखाद्या मोठ्या पावसात त्यांची एकत्र परीक्षा होते.

हेतू लोपल्यामुळे वार्धक्यात झालेल्या नाशाचे ठळक उदाहरण अमेरिकेतील साउथ फोर्क धरणाचे आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याने कालव्यातील नौकानयनास पाणी पुरविण्यासाठी बांधलेले हे सु. २२ मी. उंचीचे मातीचे धरण १८५३ मध्ये पूर्ण झाले. रेल्वेमुळे कालवा लवकरच निरुपयोगी ठरला. धरण हस्तांतरित होत होत १८७९ मध्ये धनिकांच्या एका क्रीडामंडळाकडे गेले. तळाशी पाणी सोडण्यासाठी असलेले नळ त्यापूर्वीच काढून विकले गेले होते व ते पुन्हा बसविण्यात आले नाहीत. माथ्यावरून गाड्या जाव्यात म्हणून तो खाली घेण्यात आला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यास जाळ्या लावण्यात आल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून वाहून धरण फुटले व जॉन्सटाउन शहरात आणि परिसरात २,२०९ लोक दगावले. या धरणाचे तीनही बदल नव्या उपयोगाच्या दृष्टीने सोयीचे होते. त्यांनी बांधाच्या सुरक्षिततेचे तीनही आधार काढून घेतले.

महाराष्ट्रातील जुने बांध : महाराष्ट्रात मातीच्या पाळी घालून तळी करण्याची परंपरा जुनी आहे. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील तलाव हे तिचे सर्वांत विस्तृत उदाहरण होय. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या शेतकऱ्यांनी भाताच्या शेतीसाठी असे हजारो तलाव बांधले. पुढे मालगुजारांच्या ताब्यात आल्याने ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्या गावाचे भात त्या पाण्यावर पिके, तेच गाव उन्हाळ्यात गाळ काढी व पाळ दुरुस्त करी. मालगुजारी पद्धत १९५१ मध्ये रद्द झाल्यावर कालांतराने तलाव शासनाकडे आले. मालकीचा प्रश्न सुटला, परंतु देखभालीची गावपातळीवरील व्यवस्था मोडली. अनेक तलाव गाळाने भरले व कित्येकांच्या पाळी कमकुवत झाल्या.

ब्रिटिश अमदानीत अभियांत्रिकी पद्धतीने मातीची धरणे बांधण्यास प्रारंभ झाला. मुंबई शहराच्या नळपाणीपुरवठ्यासाठी हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार मिठी नदीच्या उगमाकडील भागात विहार तलाव बांधण्यात आला. तो १८६० मध्ये पूर्ण झाला व त्याचे बांध मातीचे आहेत. सोलापूरजवळील एकरूख तलाव १८७१ मध्ये सुरू झाला. सु. २१ मी. उंच व दोन किमी.पेक्षा अधिक लांब बांध असलेला हा तलाव मुख्यतः सिंचनासाठी बांधला गेला; सोलापूर शहरालाही त्याचे पाणी मिळाले. नागपूर येथील अंबाझरी तलाव १८७० मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधण्यात आला.

विहार व अंबाझरी हे दोन तलाव एका दशकाच्या अंतराने, एकाच हेतूने बांधले गेले. त्यांच्या पुढील इतिहासातील फरक उद्बोधक आहे. विहारचे पाणी मुंबईच्या एकूण गरजेच्या मानाने आज अल्प असले, तरी ते शहरास अद्याप पुरविले जाते. त्यामुळे दीडशे वर्षांहून अधिक काळ त्या बांधावर पाणीपुरवठा यंत्रणेची नजर राहिली आहे. नागपुरात गोरेवाडा व कन्हान येथील योजना आल्यावर अंबाझरीचे पाणी पिण्यासाठी लागेनासे झाले. तलावाभोवती उद्याने झाली आणि बांधाखाली नाग नदीच्या काठाने दाट वस्ती वाढली. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे थोड्या तासांत १०० मिमी.पेक्षा अधिक पाऊस झाला आणि तलावाच्या सांडव्यावरून आलेल्या पाण्याने खालच्या वसाहती बुडाल्या; त्यात जीवितहानीही झाली. बांध टिकला, परंतु सांडव्यासमोर उभारलेल्या स्मारकामुळे प्रवाहास अडथळा झाल्याचा, तसेच बांधाच्या बळकटीकरणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला. जुन्या धरणाचा बांध तेवढा पाहून भागत नाही. सांडव्याखालील पाण्याची वाट मोकळी ठेवणे हाही धरणाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे, हे या घटनेने दाखविले.

पानशेतचा धडा : महाराष्ट्रातील मातीच्या धरणांच्या इतिहासात १२ जुलै १९६१ हा दिवस निर्णायक ठरला. मुठा नदीच्या खोऱ्यात, अंबी नदीवर पानशेत येथे मातीच्या धरणाचे काम चालू होते. ते अपूर्ण असतानाच त्या पावसाळ्यात जलाशय मोठ्या प्रमाणात भरला. विमोचकाची द्वारे व ती हलविण्याची यंत्रणा पूर्ण झालेली नव्हती. अर्धवट उघड्या द्वारातून वेगाने शिरणाऱ्या पाण्यामुळे बांधाखालील विमोचकाच्या बांधकामास हादरे बसू लागले, त्यास इजा झाली आणि त्यावरील माती खचू लागली. माथा खाली बसत गेला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून पाणी थोपविण्याचा प्रयत्न केला. तथापि सकाळी पाणी खचलेल्या माथ्यावरून वाहू लागले व धरण फुटले. खालच्या बाजूचे खडकवासला येथील १८७९ चे दगडी धरण हा लोंढा पेलू शकले नाही. तेही त्याच दिवशी फुटले. पुणे शहरातील मुठाकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. सु. एक हजार लोक मृत्युमुखी पडले आणि हजारो कुटुंबे बेघर झाली.

या घटनेची चौकशी न्यायालयीन आयोगामार्फत झाली. तिच्यातून दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. एक म्हणजे, मातीच्या बांधातून आरपार जाणारे कोणतेही पक्के बांधकाम हे त्या बांधाचे सर्वांत नाजूक स्थान असते. दुसरी म्हणजे, लाभ लवकर मिळावा या घाईने अपुरे धरण भरू देणे हे जोखमीचे असते. खडकवासला धरण तोपर्यंत आठ दशकांहून अधिक काळ टिकले होते. त्याचा नाश वरच्या बाजूस बांधलेल्या नव्या धरणामुळे झाला. एकाच नदीवर धरणांची साखळी असेल, तर जुन्या धरणाची सुरक्षितता वरच्या धरणांसह एकत्रितपणेच मोजावी लागते, हा त्याचा अर्थ होय.

पुढे ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मोर्वीजवळचे मच्छू क्र. २ हे धरण फुटले. पक्का सांडवा व दोन्ही बाजूंस मातीचे बांध अशी त्याची रचना होती. सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी मोठा पूर आल्याने पाणी मातीच्या बांधांवरून वाहिले व हजारो लोक दगावले. याच सुमारास केंद्रीय जल आयोगात धरण सुरक्षितता संघटना स्थापन झाली. महाराष्ट्राने नासिक येथे स्वतःची धरण सुरक्षितता संघटना १९८० मध्ये उभारली. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणांची ठराविक नमुन्यात तपासणी करणे व आढळलेल्या उणिवांचे त्यांच्या गांभीर्यानुसार वर्गीकरण करणे, ही पद्धत त्यामुळे रूढ झाली.

पवना धरणाचे बदलते प्रयोजन : पवना धरणाचे काम पानशेतच्या दुर्घटनेनंतरच्या काळातील आहे. मावळातील शेतीस पाणी मिळावे आणि पुण्याच्या वायव्येस वाढणाऱ्या उद्योगांची गरज भागावी, अशी दुहेरी अपेक्षा त्यामागे होती. धरणातून नदीच्या पात्रात सोडलेले पाणी दोन्ही काठांवरील शेतकरी उपसा करून शेतीस वापरीत व तेच पाणी पुढे रावेत येथील बंधाऱ्यातून शहरासाठी उचलले जाई. पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. लोकसंख्या वाढत गेली तसा धरणाच्या साठ्यावरील शहराचा भार वाढला आणि मूळचे पाटबंधाऱ्याचे धरण प्रत्यक्षात नागरी पाणीपुरवठ्याचे धरण बनले.

धरणापासून शहरापर्यंत बंद नळातून पाणी नेण्याची योजना या बदलाची पुढची पायरी होती. नदीपात्रातील गळती, बाष्पीभवन व प्रदूषण टळावे, हा तिचा हेतू होता. पाणी पात्रातून वाहणे बंद झाले तर काठावरील शेतीचे काय होणार, ही शेतकऱ्यांची भीती होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्यू पावले. योजनेचे काम त्यानंतर दीर्घकाळ स्थगित राहिले. धरणाचा हेतू बदलत असताना मूळ लाभधारकांची संमती व हिस्सा निश्चित न केल्यास केवढा संघर्ष उद्भवतो, याचे हे उदाहरण होय.

विस्थापितांचा प्रश्न त्याहून जुना आहे. पवना जलाशयात ज्यांच्या जमिनी गेल्या, अशा सु. बाराशे खातेदारांपैकी बहुसंख्यांना पर्यायी जमिनी दीर्घकाळ मिळाल्या नाहीत. या प्रश्नाचा सुरक्षिततेशी थेट संबंध आला. धरणाच्या मजबुतीकरणाचे काम हाती घेतले असता, आधी पुनर्वसन करावे, अशी मागणी करून विस्थापितांनी त्यास विरोध केला व काम अडले. बांध बळकट व्हावा हे खालच्या शहराच्या हिताचे होते. तथापि ज्यांनी त्या बांधासाठी जमीन गमावली, त्यांच्यापाशी आपली मागणी मांडण्याचे तेच एक साधन उरले होते. धरणाचा लाभ एका समूहास व भार दुसऱ्यास अशी विभागणी झाली, की तांत्रिक दुरुस्तीही केवळ तांत्रिक राहत नाही.

अलीकडच्या काळात जलाशयाच्या काठी तंबूंची मुक्कामस्थळे व उपाहारगृहे उभी राहिली असून पर्यटन हा पवनानगर परिसरातील एक व्यवसाय झाला आहे. भुशी येथे जे एका धरणाच्या मूळ हेतूचा अंत झाल्यावर घडले, ते येथे हेतू चालू असतानाच घडत आहे.

लहान तलावांची स्थिती : पवनासारख्या मोठ्या धरणावर कायम कर्मचारी असतात, पाण्याची पातळी रोज नोंदली जाते व पाणी सोडण्यापूर्वी खालच्या गावांना इशारा दिला जातो. लहान मातीच्या धरणांची स्थिती वेगळी आहे. त्यांपैकी पुष्कळशी १९७२-७३ च्या दुष्काळातील कामांतून व पुढे रोजगार हमी योजनेतून निर्माण झाली. त्यांच्यामागे पाण्याइतकाच लोकांना काम देण्याचाही हेतू होता. पाझर तलावास बहुधा कालवा नसतो. साठलेले पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना मिळावे, एवढेच त्याचे प्रयोजन असते. त्यामुळे अमुक शेतकरी हे या तलावाचे लाभधारक, असे निश्चितपणे म्हणता येत नाही. पाणीपट्टी नसते व तलावाची विचारपूस करणारी संस्थाही नसते. शिवाय येथे पाझर हेच उद्दिष्ट असल्यामुळे तळातून मुरणारे इष्ट पाणी व बांधातून निघणारे अनिष्ट पाणी यांतील भेद सामान्य माणसाच्या लक्षात येतोच असे नाही.

यात मालकीच्या विभागणीची भर पडते. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामे जिल्हा परिषदांकडे, त्यापुढील लहान कामे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि मोठी कामे जलसंपदा विभागाकडे, अशी सर्वसाधारण व्यवस्था आहे. तलाव जितका लहान, तितका त्याच्या देखभालीचा निधी व त्यासाठी उपलब्ध असलेला तांत्रिक कर्मचारीवर्ग तुटपुंजा असतो.

याचा परिणाम रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे (ता. चिपळूण) येथे दिसून आला. लघुपाटबंधारे योजनेतील हे मातीचे धरण २००० च्या सुमारास पूर्ण झाले होते, म्हणजे ते अवघे दोन दशकांचे होते. बांधातून गळती होत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री अतिवृष्टीत ते फुटले व खालच्या वाडीतील वीसहून अधिक लोक वाहून गेले. खेकड्यांनी बांध पोखरल्याने धरण फुटले, असे विधान तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी केले व त्यावर मोठी टीका झाली. खेकड्यांच्या बिळांतून पाझर वाढू शकतो, हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. परंतु बिळे शोधून ती बुजविणे हाच देखभालीचा हेतू असल्याने ते कारण जबाबदारीतून मुक्त करणारे ठरत नाही. गळती प्रथम दिसते ती बांधाखाली राहणाऱ्यांना. त्यांच्या सूचनेस नोंदीचे व कारवाईचे स्थान नसेल, तर तपासणीची कोणतीही पद्धत अपुरी पडते.

कायदा व त्याच्या मर्यादा : देशात सर्वाधिक, म्हणजे दोन हजारांहून अधिक मोठी धरणे महाराष्ट्रात असून त्यांत मातीच्या धरणांचे प्रमाण फार मोठे आहे. संसदेने संमत केलेला धरण सुरक्षितता अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून अंमलात आला. १५ मी.पेक्षा अधिक उंचीची सर्व धरणे आणि १० ते १५ मी. उंचीची, परंतु लांबी, साठा, सांडव्याची क्षमता किंवा पाया यांबाबतच्या विशिष्ट अटी पूर्ण करणारी धरणे त्याच्या कक्षेत येतात. राष्ट्रीय समिती व प्राधिकरण, प्रत्येक राज्यात धरण सुरक्षितता संघटना, नियमित तपासणी, आणीबाणीच्या प्रसंगीचा कृतिआराखडा आणि कर्तव्यच्युतीबद्दल शिक्षा अशा तरतुदी त्यात आहेत.

दहा मीटरपेक्षा कमी उंचीचे बांध या अधिनियमाबाहेर राहतात. गावतळी, बहुसंख्य पाझर तलाव व अनेक मालगुजारी तलाव याच वर्गात मोडतात. त्यांचा साठा थोडा असला, तरी धोका साठ्यावरून मोजता येत नाही. बांधाखाली कोण राहते यावर तो अवलंबून असतो. ज्या ओढ्याकाठी बांधकामाच्या वेळी केवळ शेते होती, तेथे मावळासारख्या वेगाने शहरी होत चाललेल्या भागात आता घरे, कारखाने व विश्रामगृहे आहेत. बांध तोच राहिला, तरी तो फुटल्यास होणारी हानी अनेक पटींनी वाढली आहे. अतिवृष्टीच्या घटनांची तीव्रता वाढत असल्याने जुन्या पर्जन्यनोंदींवर आधारलेले सांडवेही पुन्हा तपासावे लागतात.

अशा जुन्या बांधाबाबत तीनच मार्ग संभवतात. त्याचा मूळ हेतू शिल्लक असेल, तर लाभधारकांच्या सहभागाने त्याची दुरुस्ती करावी. भूजल पुनर्भरण, पूरनियंत्रण, मत्स्यव्यवसाय किंवा पर्यटन यांसारखा नवा हेतू आला असेल, तर त्या हेतूचा खर्च व जबाबदारी नव्या लाभधारकांवर टाकावी आणि सांडवा, विमोचक व माथा यांत सोयीसाठी कोणताही बदल करू नये. कोणताच हेतू उरला नसेल, तर पाणी कायमचे काढून देऊन बांध रीतसर निकामी करावा. चौथा मार्ग, म्हणजे बांध आहे तसा सोडून देणे, हा व्यवहारात सर्वाधिक आढळतो. साउथ फोर्क येथे त्याचा शेवट काय झाला, हे वर सांगितलेच आहे.